सात मजले, एक जिना

पहाटे ४.३०

नळ जेमतेम पाऊण तास येतो. कोथरूडच्या टेकडीला लागून असलेल्या या वस्तीत तेवढ्या वेळात दोन पिंपं आणि चार कळशा भरून घ्यायच्या. तोवर सुनेनं भाकऱ्या थापायच्या, नातीला हाका मारून उठवायचं, तिची वेणी घालायची. पाण्याला उभं राहायचं काम अक्कांचं. वय साठीला टेकलेलं, गुडघे धरलेले, तरी ते काम त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. कुणाची कळशी आधी लागली यावरून भांडणं होतात आणि अक्कांसमोर भांडायला कुणी धजत नाही.

१९७२च्या दुष्काळात त्या आईचं बोट धरून सोलापूर जिल्ह्यातून पुण्यात आल्या. जात मातंग. गावात आजा वाख वळून दोर करायचा, केरसुण्या बांधायचा. शेत नव्हतं, आणि दुष्काळात दोराला गिऱ्हाईक उरलं नाही. पुण्यात आईनं पोतं खांद्यावर टाकलं आणि रस्त्यावरचा कागद वेचायला सुरुवात केली. आठव्या-नवव्या वर्षी अक्काही तिच्यामागं फिरू लागल्या. पुण्यातल्या बहुतेक जुन्या कचरावेचक बायकांची कहाणी थोड्याफार फरकानं हीच आहे. त्या बहुतांश दलित आणि त्यातही बहुतेक भूमिहीन घरांतल्या. या कामाला कुणी जाहिरात काढून माणसं घेतली नव्हती. ज्यांना दुसरीकडं कुठंच दार उघडलं नाही, त्यांच्या हाती हे काम आपोआप आलं.

मी त्यांच्याबरोबर दिवसभर फिरणार, हे त्यांना मान्य होतं. अट एकच घातली. “माझं नाव नगं, सोसायटीचंबी नगं. आमाला उद्या तिथंच जायचंय.”

पहाटे ५.४५

घरातून निघताना अंगात कोट, डोक्याला रुमाल, पायात बंद बूट, गळ्यात ओळखपत्र. हातमोजे कमरेला खोचलेले. ढकलगाडी गल्लीच्या तोंडाशी साखळीनं बांधून ठेवलेली असते. तिच्यावर ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या बकेटा आणि बाजूला लटकवलेली गोणपाटाची पोती. सून पुढं ओढते, अक्का मागून ढकलतात.

ओळखपत्र त्या कोटाच्या आत घालत नाहीत, बाहेर दिसेल असंच ठेवतात. त्यामागं मोठा इतिहास आहे. पोतं घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर, असं शहरानं धरूनच ठेवलं होतं. कुठं तांब्याची तार गेली, कुणाच्या अंगणातलं भांडं गेलं, की पोलीस आधी या बायकांना उचलायचे. पोतं रस्त्यावर उलटं करून दाखवावं लागायचं. अक्का एकदा दिवसभर चौकीत बसून होत्या. घरी तान्हं मूल होतं.

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या बायकांपर्यंत पोचल्या होत्या. हमालांना संघटित करणारे बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. सभेला आलेल्या बायकांनी आधी पैसे मागितले नाहीत, ओळख मागितली. पुढं महापालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं हाती आली. कचरा वेचणं हे काम आहे आणि ते करणारी माणसं कामगार आहेत, असं एका सरकारी यंत्रणेनं लेखी कबूल केलं. अक्कांच्या गळ्यातल्या त्या कार्डाचे कोपरे दुमडलेत, वरचं प्लास्टिक पिवळं पडलंय. “पोलीस पयला कार्ड बघतो, मग माझ्याकडं बघतो,” त्या म्हणाल्या.

सकाळी ६.३०

सोसायटीचं फाटक. तीन इमारती, प्रत्येकी सात मजले. रखवालदार उत्तर प्रदेशातला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. तो अक्कांना “मावशी” म्हणतो, त्यांच्याशी नीट बोलतो. पण लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला आहे: कचरा, बांधकाम साहित्य आणि कामगारांनी लिफ्टचा वापर करू नये. कागदावर सोसायटीचा शिक्का आहे, सचिवांची सही आहे. पोराची नोकरी त्या सहीवर आहे.

जिना चढून अक्का सातव्या मजल्यावर जातात आणि तिथून एकेक मजला खाली येत कचरा गोळा करतात. बकेट भरली की खाली उतरून गाडीत रिकामी करायची आणि उरलेल्या मजल्यांसाठी पुन्हा चढायचं. सून दुसरी इमारत घेते. तिसरी दोघी मिळून.

या लिफ्टबद्दल मी सोसायटीतल्या दोघा-तिघांशी बोलले. माणसं वाईट नाहीत. एक गृहस्थ निवृत्त अभियंते, गरजू मुलांना गणित फुकट शिकवतात. त्यांचं म्हणणं, प्रश्न माणसाचा नाही, स्वच्छतेचा आहे. ओल्या कचऱ्याचं पाणी लिफ्टमध्ये ठिबकतं, वास राहतो, मुलं-म्हातारी माणसं तीच लिफ्ट वापरतात. हे म्हणणं मी झटकून टाकत नाही. पण मग वर जाताना काय? वर जाताना अक्कांची बकेट रिकामी असते, आदल्या दिवशी धुऊन उपडी घातलेली असते. त्या वेळी लिफ्टमध्ये जाणार असते ती फक्त एक साठ वर्षांची बाई. तिलाही जिनाच. याच लिफ्टमधून ओले कुत्रे फिरायला जातात, रंगकामाचे डबे वर जातात, पावसाळ्यात चिखलाचे बूट जातात. लादी खराब झाली की पुसली जाते, आणि पुसणारी बाईही जिन्यानंच वर आलेली असते.

मी हे बोलल्यावर ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सभेत मांडायला हवं.” ते मांडतील, असं मला वाटतं.

आज कुणी अक्कांना तोंडावर जात विचारत नाही. त्यांना कोणी “शिवू नकोस” म्हणत नाही. राज्यघटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, १९५५ साली कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधाचा आणखी कडक कायदा आला. शहरातल्या सुशिक्षित माणसाला हे सगळं माहीत आहे आणि त्याला ते मान्यही आहे. पण जातीचं नावही न घेता जातीचं अंतर राखता येतं, त्यासाठी स्वच्छतेचं कारण पुरतं. ते कारण इतकं शहाणं दिसतं, की त्याच्याशी भांडणारा माणूसच अडाणी ठरतो. म्हणून या कारणाला प्रत्येक वेळी तपासून बघावं लागतं. घाण नेमकी कशाला लागली आहे? बकेटीला, की बाईला?

सकाळी ७.१५

दार उघडण्याच्या नाना तऱ्हा. बहुतेक दारांबाहेर डबे ठेवलेले असतात आणि दार उघडतच नाही. काही दारं फटीएवढी उघडतात आणि एक पिशवी बाहेर टेकवली जाते. चौथ्या मजल्यावर चार विद्यार्थी भाड्यानं राहतात. त्यांचा कचरा अख्ख्या इमारतीत सगळ्यात नीट वेगळा केलेला. त्यांच्यातला एक लातूरकडचा. तो रोज दोन्ही डबे हातात घेऊन थांबतो आणि अक्कांच्या हातात देतो. “काय अक्का, गुडघा कसाय?” ही त्याची रोजची विचारपूस.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांनी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या असतात.

आणि तिसऱ्या मजल्यावर एक घर आहे, तिथं सगळा कचरा एकाच काळ्या पिशवीत गाठ मारून येतो. भात, भाजीची देठं, काचेचा फुटलेला पेला, औषधाच्या पट्ट्या, केस, डायपर. त्या घराला ओला-सुका वेगळा करायला सांगून अक्का थकल्या. उत्तर येतं, “ते तुमचं काम आहे ना?”

नाही, ते त्यांचं काम नाही. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच ते काम कचरा करणाऱ्यावर टाकलं. ओला, सुका आणि घातक असा वेगळा करून द्यायचा, ही जबाबदारी त्यांनी घराची ठरवली. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना या व्यवस्थेत सामावून घ्यायला याच नियमांनी महापालिकांना सांगितलं. नियम होऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्या काळ्या पिशवीची गाठ आजही अक्काच सोडवतात. हातमोज्यांनी ती घट्ट गाठ सुटत नाही, मग मोजा काढावा लागतो. मग कुणीतरी विचारतं, “अहो, तुम्ही ग्लोव्ह्ज का नाही घालत?”

सकाळी ८.१५

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्याविषयी अक्का मोठ्यानं बोलत नाहीत. जिन्याच्या वळणावर थांबून, आवाज खाली आणून त्यांनी मला सांगितलं. लग्न झालं त्या वर्षी पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आता सवय झाली असं लोकांना वाटतं. “सवय कुनाला व्हतीया? हात धुतला तरी डोक्यातनं जात न्हाई.”

पुण्यातल्या कचरावेचकांनी यावर स्वतः उपाय शोधला. पॅड किंवा डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि त्यावर लाल पेनानं एक ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडकं न उघडता बाजूला ठेवता येतं. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिल्या आणि विचारलं, तुमच्या मालाची विल्हेवाट आमच्या हातांनी का? पुढं २०१६च्या नियमांत तरतूद आली की असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा आणि त्यासाठी लागणारी वेष्टनं उत्पादकांनी पुरवायची. घराघरांतून पाळी आणि विटाळ यांबद्दल बोलायची चोरी असताना ज्या बायकांच्या हातांवर हा सगळा भार पडत होता, त्यांनी हा विषय कंपन्यांच्या दारात आणि दिल्लीपर्यंत नेला. मला त्यांचा अतोनात अभिमान वाटतो.

आज तीन इमारतींत मिळून लाल ठिपक्याची पुडकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी सगळं नुसतंच पिशवीत. त्यातली कितीतरी पुडकी बायकांनीच टाकलेली असणार. शरमेपोटी, घाईपोटी, किंवा पलीकडं उचलणारी बाई आहे हे ध्यानातच न आल्यानं.

सकाळी ९.१५

चहाची वेळ. पूर्वी या इमारतीतल्या दोन घरांतून अक्कांना चहा मिळायचा. एका घरात त्यासाठी कानतुटका कप खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेला असे. तो त्यांनीच विसळून पुन्हा तिथंच पालथा घालायचा. आता कागदी कप आले. कागदी कप पाहुण्यालाही देतात, सुतारालाही देतात, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटत नाही. अक्कांनी मात्र चहा घेणंच सोडलं. सून घरून चहा भरून आणते, एका छोट्या थर्मासमध्ये. पार्किंगमधल्या खांबाआड बसून दोघी पितात.

पाण्याचं इतकं सोपं नाही. बागेच्या नळाला टाळं आहे. त्याआधी अक्का तिथं हात धुवायच्या, बाटली भरायच्या. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात टाळं लागलं आणि पावसाळा आला तरी निघालं नाही. पार्किंगमध्ये एक शौचालय आहे, रखवालदार आणि गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी. त्याची किल्ली कार्यालयात असते आणि कार्यालय साडेदहाला उघडतं. पहाटे पावणेसहाला घर सोडलेली बाई दुपारी घरी पोचेपर्यंत कुठं जाणार? म्हणून अक्का सकाळी पाणीच पीत नाहीत. जेमतेम दोन घोट, तेही चहासोबत. लघवीला जळजळ होते, ताप येतो, औषध घेऊन तेवढ्यापुरतं बरं वाटतं. अशी दुखणी या कामातल्या कितीतरी बायकांना आहेत. लिफ्ट नाकारण्यानं गुडघे जातात आणि नळ नाकारण्यानं मूत्रपिंडं. भेदभावाची किंमत शरीर मोजतं, आणि ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

या शहराचा पाण्याशी जुना संबंध आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी खुला केला. त्यांनी हौदावर पाटी लावून सुधारणेचा उपदेश केला नाही, आपल्या स्वतःच्या अंगणातलं पाणी दिलं. त्यांचा वाडा आजही पुण्यात आहे, शाळांच्या सहली तिथं जातात. पुढं २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. १९७२ साली, अक्का पुण्यात आल्या त्याच दुष्काळाच्या वर्षी, बाबा आढावांनी एक गाव एक पाणवठा ही मोहीम सुरू केली. इतकी मोठी वाट चालून आलेल्या राज्यात एका बाईला हात धुवायला नळ मिळू नये, हे मला कुठल्याही स्वच्छतेच्या कारणानं पटत नाही. टाळ्याच्या दुसऱ्या किल्लीचा खर्च तो केवढा!

सकाळी १०.३०

भरलेल्या बकेटा ओढत रस्त्याच्या कडेच्या फीडर पॉइंटला. तिथं महापालिकेची गाडी येते, ओला कचरा तिच्यात द्यायचा. गाडी आली नाही तर उन्हात थांबून राहायचं. आज आली, वेळेवर.

इथं बाकीच्या बायका भेटतात, हसणं-खिदळणं होतं. कुणीतरी २०२०च्या टाळेबंदीची आठवण काढली. सगळं शहर घरात होतं तेव्हा या रोज बाहेर पडत होत्या. वस्तीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेले, ते ओलांडून यायच्या. सोसायट्यांतून टाळ्या वाजल्या. पण भंगाराची दुकानं बंद असल्यानं सुक्या मालाचे पैसे थांबले होते, आणि काही घरांनी शुल्कही थांबवलं. टाळ्या वाजवणारे हात आणि शुल्क थांबवणारे हात काही ठिकाणी एकच होते.

सकाळी ११.००

सुका माल निवडायची जागा म्हणजे पदपथाचा एक तुकडा, वर पिंपळाची सावली. काही भागांत महापालिकेनं शेड दिल्या आहेत, इथं नाही. पोतं उपडं केलं की दोघींचे हात चालू लागतात. बिसलरीच्या बाटल्या एका बाजूला, झाकणं वेगळी. पुठ्ठा, पांढरा कागद, वर्तमानपत्र. दुधाच्या पिशव्या. काच रंगाप्रमाणं. पत्रा. शाम्पूच्या जाड बाटल्यांचा भाव निराळा, दाबल्यावर तडकणाऱ्या प्लास्टिकचा निराळा. सून बाटली नुसती दाबून, आवाज ऐकून सांगते कुठल्या पोत्यात जाईल ते. चिप्सची पाकिटं, बिस्किटांचे कागद मात्र कुणी विकत घेत नाही. ती तशीच उरतात.

हे कसबाचं काम आहे. या निवडण्यामुळं टनांनी माल पुन्हा कारखान्यांत जातो आणि तेवढा कचरा शहराबाहेरच्या डेपोवर जायचा वाचतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षं सोसले आणि शेवटी गाड्या अडवल्या. ते आंदोलन शहरानं पेपरात वाचलं. पण त्या गावांवरचा भार जे हात रोज कमी करतात ते पदपथावर बसलेले असतात, आणि जाणारे-येणारे नाकाला रुमाल लावून म्हणतात, “इथं घाण करू नका.” आजही एक मोटरसायकलवाला थांबून तसं म्हणाला. अक्कांनी मान वर केली नाही. सुनेनं केली. “दादा, ही तुमच्याच घरातली आहे,” ती शांतपणे म्हणाली, आणि बाटल्या निवडायला लागली.

दुपारी १.००

भंगारवाल्याच्या दुकानात वजन. काटा अक्का स्वतः वाकून बघतात. भाव पडलेत म्हणून तो आज पुठ्ठ्याला कमी देतो. आलेले पैसे दोघी तिथंच मोजून वाटून घेतात.

दुपारी २.००

घरी आल्यावर आधी आंघोळ. मग जेवण. भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा. जेवताना अक्का पाण्याचा तांब्या दोनदा रिकामा करतात.

नात सहावीत आहे, शाळेतून तीनला येते. तिच्या दप्तरात एक फॉर्म आहे. कचरावेचकांच्या मुलांनाही सरकारी शिष्यवृत्ती मिळते. संघटनेनं भांडून मिळवलेली गोष्ट आहे ती. फॉर्मवर शाळेची सही हवी. गेल्या वर्षी वर्गात नावं मोठ्यानं वाचली गेली, कोणत्या कामासाठीची शिष्यवृत्ती तेही वाचलं गेलं, आणि मधल्या सुट्टीत दोन मुलींनी तिच्या डब्याला हात लावला नाही. म्हणून या वर्षी फॉर्म तीन दिवस दप्तरातच पडून आहे. आईला तिनं सांगितलंय, बाई आल्या नव्हत्या.

मला दिवसभरात सर्वांत जास्त लागलं ते हे. पदपथावरचा माणूस येतो आणि जातो, पण या मुलीला अकराव्या वर्षी कळलंय की तिचा हक्क घ्यायचा तर चारचौघांत आपल्या घरचं नाव सांगावं लागतं. मदत देणाऱ्या व्यवस्थेनंच तिला वर्गातून उठवून उभं केलं. शाळांनी असे फॉर्म एकेकाला बोलावून घ्यावेत, पाकिटात घ्यावेत, पालकांकडून थेट घ्यावेत. कितीतरी साधे मार्ग आहेत. कुणीतरी मुलांच्या बाजूनं क्षणभर विचार करायला हवा, एवढंच. सुनेनं ठरवलं, उद्या ती स्वतः शाळेत जाऊन फॉर्म देणार. कोट घालून जाणार का, असं नातीनं विचारलं. “व्हय, कोट घालूनच,” आई म्हणाली. नात काही बोलली नाही.

दुपारी ४.३०

महिन्याचा पहिला आठवडा, शुल्क गोळा करायचे दिवस. पुन्हा तीच सोसायटी, पुन्हा जिना.

एक गोष्ट बऱ्याच घरांना ठाऊकच नसते. अक्कांना महापालिकेचा पगार नाही. त्या स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. २००८ पासून महापालिकेशी करार करून ही संस्था घरोघरचा कचरा गोळा करते आणि बाईची कमाई म्हणजे घरांनी दिलेलं शुल्क अधिक भंगाराचे पैसे. दिवसाच्या हिशेबानं घरटी हे शुल्क तीनेक रुपयांच्या आसपास जातं. तरी दारात ऐकायला मिळतं, “आम्ही टॅक्स भरतो, वेगळे पैसे कशाला?” कुणी म्हणतं नंतर या, कुणी मागच्या महिन्यातले चार खाडे काढतं. एका घरानं पैसे चपलांच्या कपाटावर ठेवले आणि बोटानं दाखवले.

हीच घरं दिवाळीला साडी देतात, फराळाचं ताट देतात, नातीसाठी जुनी पुस्तकं काढून ठेवतात. त्यामागचं प्रेम खोटं नाही. पण साडी देणाऱ्याला वाटतं आपण दिलं, आणि शुल्क देणाऱ्याला वाटतं आपल्याकडून घेतलं. समान वागणूक म्हणजे काय हे मला इथं, या जिन्यावर सगळ्यात स्पष्ट दिसलं. ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला हातात द्यावेत, वीजबिल भरतो तसे, आणि त्याबद्दल बाईला कुणाचे आभार मानावे लागू नयेत. एवढं झालं तर साडी नाही मिळाली तरी अक्कांची हरकत नाही. त्या स्वतःच तसं म्हणाल्या.

गणपतीत याच बायका नदीच्या घाटांवर निर्माल्य गोळा करायला उभ्या असतात. देवाला वाहिलेले हार, दूर्वा, फुलं लोक त्यांच्या हातात देतात, कुणी मोदकही ठेवतं. त्या वेळी हाताला हात लागलेला कुणालाच खटकत नाही. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. दहा दिवस जमतं ते वर्षभर जमायला हवं.

संध्याकाळी ७.००

वस्तीतल्या समाजमंदिरात बैठक. पंधरा-वीस जणी, दोन पुरुष, संघटनेची एक कार्यकर्ती. एकीच्या पायाला काच लागली होती, तिच्या विम्याचे कागद बघितले गेले. एका मोठ्या सोसायटीनं खासगी ठेकेदाराला काम द्यायचं घाटलंय, त्यावर बरीच तणतण झाली. ठेकेदार यंत्रं आणि गणवेश घेऊन येतो, आणि आजवर गोळा करणाऱ्या बाईला त्याच्याकडं नोकरी मागायला उभं राहावं लागतं.

मग अक्कांच्या सोसायटीचा विषय निघाला. पत्र लिहायचं ठरलं. सून दहावीपर्यंत शिकलेली, ती वही घेऊन बसली. पहिला मुद्दा लिफ्टचा: वर जाताना रिकाम्या बकेटीसह, आणि खाली येताना झाकण लावलेल्या बकेटीसह. दुसरा, बागेच्या नळाची एक किल्ली कचरावेचकांकडं. तिसरा, पार्किंगमधलं शौचालय सकाळी सहापासून उघडं. चौथा, पॅड-डायपरचा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल ठिपका काढून द्यावा, अशी सर्व घरांना सूचना. कुणीतरी म्हणालं, सगळं एकदम मागू नका, बिथरतील, आधी नळाचं मागा. त्यावर अर्धा तास वाद झाला. एकीचं म्हणणं, लिफ्ट मागितली तर काम जाईल. दुसरीचं म्हणणं, गुडघे गेले तरी काम जाणारच आहे.

अक्का बऱ्याच वेळानं बोलल्या. चारही मुद्दे राहू द्या, म्हणाल्या, आणि पाचवा घाला: लिफ्टवरच्या कागदातला ‘कामगारांनी’ हा शब्द काढावा. घरकाम करणाऱ्या बायका, दूधवाला, पेपरवाला पोरगा, सगळ्यांसाठी. त्या निवृत्त अभियंत्यांचं नाव निघालं, ते सभेत उभे राहतील का याची चौकशी उद्या सकाळी अक्काच करणार. पत्र सचिवांच्या नावे, प्रत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला, आणि पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं ठरलं.